वाचक विचारतात: काटा कुणी अडवला?

या खेपेची पत्रं बहुतेक शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतून आली आहेत. मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरबद्दलची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे: प्रोसेसर तर निम्मा मोकळाच असतो, मग काम वेळेवर का होत नाही? सात प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण निम्म्या पत्रांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न: आम्ही फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेससाठी कूलिंग वॉटर मॉनिटर बनवतो. एसटीएम३२एफ४०७ कंट्रोलर, त्यावर फ्रीआरटीओएस (टास्कना, म्हणजे कामांना, प्रायॉरिटीनुसार प्रोसेसर वाटून देणारी आरटीओएस, म्हणजे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम). सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचा टास्क दर २० मिलिसेकंदांनी पाण्याचं तापमान आणि फ्लो बघतो, मधला टास्क डिस्प्ले चालवतो आणि सगळ्यात खालचा एसडी कार्डवर नोंदी लिहितो. तापमानाचा एडीसी (सेन्सरचं रीडिंग आकड्यात देणारी चिप) आणि एसडी कार्ड एकाच एसपीआय बसवर (डेटाच्या सामाईक तारांवर) आहेत, बस एका वेळी एकालाच मिळावी म्हणून बायनरी सेमाफोरचा लॉक लावलाय. दोन-चार दिवसांतून एकदा वॉचडॉग (टास्कची हाक वेळेत आली नाही तर कंट्रोलर पुन्हा सुरू करणारा टायमर) रिसेट होतो, तोही बहुधा ऑपरेटर स्क्रीनवर बटणं दाबत असताना. लोड ३५ टक्क्यांवर कधी जात नाही. चूक कुठे शोधायची? (शिरोली एमआयडीसी)

चूक तुमच्या पत्रातच सापडते: ‘स्क्रीनवर बटणं दाबत असताना’. ज्या डिस्प्लेचा एसपीआय बसशी काडीचा संबंध नाही, तोच तापमानाच्या टास्कला अडवतोय.

गळीत हंगामातलं साखर कारखान्याचं यार्ड डोळ्यांपुढे आणा. काटा एक, काटेवालाही एक. काट्यावर बैलगाडी उभी आहे, वजन अर्धं झालंय. मागे सगळ्यात वरच्या मानाचा ट्रक येऊन थांबतो. त्याला काटा हवाय, पण गाडी उतरल्याशिवाय तो चढणार कसा? इथवर ठीक आहे, गाडीचं वजन दोन मिनिटांत उरकेल. पण तेवढ्यात खिडकीशी ट्रॅक्टरवाले जुन्या पावत्या घेऊन येतात. काटेवाल्याला ताकीद आहे की वरच्या मानाचा माणूस आला की खालच्याचं काम तिथंच ठेवायचं. ट्रॅक्टर बैलगाडीच्या वरचा, म्हणून तो गाडी सोडून खिडकीशी जातो. एक ट्रॅक्टरवाला गेला की दुसरा येतो. गाडी काट्यावरच, ट्रक मागे ताटकळत. ट्रॅक्टरवाल्यांना काटा नकोच होता, तरी सगळ्यात मानाचा ट्रक त्यांच्यापायी अडकला.

काटेवाला म्हणजे प्रोसेसर, काटा म्हणजे एसपीआय बस, बैलगाडी म्हणजे नोंदींचा टास्क, ट्रॅक्टर म्हणजे डिस्प्ले आणि मानाचा ट्रक म्हणजे तापमानाचा टास्क. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच दोषाने पुन्हापुन्हा रिसेट होत होतं. तिथे हवामानाच्या नोंदींचा खालचा टास्क लॉक धरून बसे, डेटा-बस सांभाळणारा वरचा टास्क त्याची वाट बघे आणि संपर्काचे मधले टास्क प्रोसेसर खात राहत. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जोडयंत्रावर दोष पुन्हा घडवून आणला, तेव्हा कळलं की त्या लॉकमधला प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा (वाट बघणाऱ्याचा मान लॉक धरणाऱ्याला उसना द्यायचा) पर्याय बंदच ठेवलेला होता. तो चालू केल्यावर रिसेट थांबले.

तुमचं पहिलं काम तेच. फ्रीआरटीओएसमध्ये बायनरी सेमाफोरला मालक नसतो, त्यामुळे कुणाची प्रायॉरिटी वाढवायची हे कर्नलला कळायला मार्ग नाही. म्यूटेक्स हा दुसऱ्या प्रकारचा लॉक, त्याला मालक असतो. वरचा टास्क त्याच्या दारात आला की मालकाला तात्पुरता वरच्याचा मान मिळतो, मग मधला त्याला हटवू शकत नाही. बदल एका ओळीचा वाटतो, पण तीन ठिकाणी पाय घसरतो. बायनरी सेमाफोर रिकामा तयार होतो म्हणून सुरुवातीला एकदा ‘गिव्ह’ (मोकळा) करावा लागतो. म्यूटेक्स तयार होतो तोच मोकळा, तेव्हा ती ओळ काढून टाका. म्यूटेक्स ज्या टास्कने घेतला त्यानेच सोडायचा. आणि इंटरप्टमधून (हार्डवेअरने हाक दिली की टास्क थांबवून चालणाऱ्या कोडमधून) म्यूटेक्सला हातही लावायचा नाही. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता होणारी डेटाची ने-आण) संपल्याची खूण इंटरप्टमधून देत असाल, तर तो वेगळा बायनरी सेमाफोर तसाच ठेवा किंवा तिथे टास्क नोटिफिकेशन वापरा.

पण एवढ्यावर थांबलात तर रिसेट कमी होतील, बंद होणार नाहीत. इनहेरिटन्समुळे फक्त ट्रॅक्टर हटतात. बैलगाडीच्या स्वतःच्या वजनाचा वेळ आहे तेवढाच राहतो. एसडी कार्डाला एका लिखाणानंतर २५० मिलिसेकंदांपर्यंत ‘बिझी’ राहायची मुभा स्टँडर्डनेच दिलेली आहे. एरवी कार्ड दोन-पाच मिलिसेकंदांत मोकळं होतं, म्हणून टेबलावरच्या चाचणीत सगळं सुरळीत दिसतं. कार्डाच्या पोटात जुने ब्लॉक पुसायची वेळ आली की एखादं लिखाण एकदम लांबतं. तुमची लायब्ररी तो सगळा वेळ लॉक धरून बसत असेल, तर २० मिलिसेकंदांच्या टास्कचे बारा-तेरा फेरे वाया गेले म्हणून समजा. तयार लायब्रऱ्या बऱ्याचदा तेच करतात.

खरं तर ५१२ बाइटचा ब्लॉक १० मेगाहर्ट्झने पाठवायला जेमतेम ०.४ मिलिसेकंद लागतो. लॉक तेवढ्यापुरताच धरा. ब्लॉक गेला की चिप-सिलेक्ट (बसवरची चिप निवडणारी तार) वर घ्या, आणखी आठ क्लॉक द्या म्हणजे कार्ड डेटाची तार सोडतं, मग लॉक सोडा. कार्ड आतल्या आत आपलं काम करत राहतं. दोन-दोन मिलिसेकंदांनी परत लॉक घेऊन ‘झालं का’ एवढंच विचारायचं. ते आठ क्लॉक विसरलात तर कार्ड तार खाली ओढून धरतं आणि एडीसीचं रीडिंग शून्य किंवा कचरा येतं. हा दोष शोधताना भलेभले सेन्सर बदलत बसतात.

आम्हाला विचाराल तर पुढच्या बोर्डात हा वादच ठेवू नका. एफ४०७ मध्ये तीन एसपीआय आहेत, शिवाय एसडी कार्डासाठी वेगळा एसडीआयओ आहे. एडीसीला त्याची स्वतंत्र बस द्या. चार तारांचा प्रश्न आहे.

खात्री करायला दोन-चार दिवस वाट बघायची गरज नाही. डिस्प्लेच्या टास्कमध्ये मुद्दाम ५० मिलिसेकंदांचा रिकामा लूप घाला आणि नोंदी दर १०० मिलिसेकंदांनी लिहायला लावा, दोष लवकरच वर येईल. प्रत्येक टास्कसाठी एक मोकळी पिन घ्या, लॉकसाठी आणखी एक. लॉक मिळाला की पिन वर, सोडला की खाली. आठ चॅनेलचा साधा लॉजिक अॅनलायझर लावला की कोण कुणाला अडवतंय ते पडद्यावर उघडं पडतं.

आणि एक गोष्ट, जी प्रोग्रॅमच्या बाहेरची आहे. फ्लो स्विच आणि थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट थेट फर्नेसच्या ट्रिप सर्किटमध्ये तारेनेच घाला. कॉइल फुटून पाणी वितळलेल्या धातूला भेटलं तर वाफेचा स्फोट होतो. ते वाचवायची जबाबदारी एकट्या टास्कवर टाकायची नसते, मग तो कितीही वरच्या प्रायॉरिटीचा असो.

प्रश्न: पुस्तकात लिहिलंय की लोड ६९ टक्क्यांच्या आत हवा. आमच्या प्रोजेक्टमध्ये तीन टास्क मिळून ८५ टक्के होतात, तरी एकही डेडलाइन चुकत नाही. पुस्तक चूक की आम्ही? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

दोघंही बरोबर. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये सिद्ध केलं की ज्याची पाळी लवकर येते त्याला वरची प्रायॉरिटी दिली (म्हणजे रेट मोनोटोनिक), तर ठराविक लोडच्या आत डेडलाइन चुकूच शकत नाही. दोन टास्कना ती मर्यादा ८२.८ टक्के, तिनांना ७८, चारांना ७५.७, आणि टास्क वाढत गेले की घसरत ६९.३ ला टेकते. पण ही हमी आहे, बंदी नाही. मर्यादेच्या आत असलात तर आणखी हिशोब नको. बाहेर गेलात तर हिशोब करून बघायचा. तुमचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून ८५ टक्क्यांचंच उदाहरण घेऊ. सगळे आकडे मिलिसेकंदांत:

पहिला टास्क: दर २० ला ४ चं काम.
दुसरा: दर ४० ला १०.
तिसरा: दर १०० ला ४०.

लोड २० + २५ + ४० = ८५ टक्के. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे तिघंही एकाच क्षणी जागे झाले. पहिला ४ मध्ये सुटतो, दुसरा १४ मध्ये. तिसऱ्याचं स्वतःचं काम ४०. त्या ४० मध्ये पहिला दोनदा येणार (८), दुसरा एकदा (१०), एकूण ५८. पण ५८ झाले म्हटल्यावर पहिला तीनदा येतो आणि दुसरा दोनदा: ४० + १२ + २० = ७२. मग ७२ मध्ये पहिला चारदा: ४० + १६ + २० = ७६. पुन्हा ७६ धरून मोजलं तरी ७६ च येतात. आकडा स्थिरावला म्हणजे तेच उत्तर. १०० च्या आत, म्हणजे पास. आकडा न स्थिरावता डेडलाइनच्या पुढे गेला तर नापास. ही रीत मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी १९८६ मध्ये मांडली, आणि दोघांचंही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी नातं. परीक्षेत हे नाव लिहायला हरकत नाही.

गंमत पुढे आहे. तिसऱ्याची पाळी १०० वरून ८० वर आणली तर लोड ९५ टक्के होतो, तरी ७६ म्हणजे ८० च्या आतच! पाळ्या एकमेकींच्या पटीत असल्या (२०, ४०, ८०) की काम घट्ट बसतं. उपसा सिंचनाच्या पाणीपाळ्या ठरवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता यात लॉक आणा. मूळ उदाहरणात तिसरा टास्क पहिल्याशी वाटून घेतलेली एखादी वस्तू १२ मिलिसेकंद धरून ठेवतो, असं समजा. पहिल्याचा वेळ १२ + ४ = १६, अजून २० च्या आत. दुसऱ्याचा त्या लॉकशी संबंध नाही, पण तिसरा उसन्या मानाने पळत असताना दुसऱ्यालाही थांबावंच लागतं: १० + १२ + ४ = २६, तेवढ्यात पहिला परत येतो, ३०. चाळीसच्या आत. आता तोच लॉक १८ मिलिसेकंद धरला तर पहिला २२ वर जातो आणि डेडलाइन चुकते. लोड मात्र तेव्हाही ८५ टक्केच आहे. टक्केवारीवर विसंबणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा कागदावर सोडवावं.

अट एकच: ४, १०, ४० हे आकडे सरासरीचे नकोत, सगळ्यात वाईट हवेत. कॉर्टेक्स-एम४ मध्ये (एफ४०७ चा प्रोसेसर हाच) सायकल मोजणारा काउंटर असतो. १६८ मेगाहर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १,६८,००० सायकल. त्याने हजारो फेऱ्यांमधला सर्वांत मोठा आकडा धरा आणि त्यावर पाव भाग आणखी चढवा, कारण मोजताना सगळ्यात वाईट वाट सापडली असेलच असं नाही.

ईडीएफ, म्हणजे जवळच्या डेडलाइनवाल्याला आधी सोडणारी पद्धत, कागदावर १०० टक्क्यांपर्यंत जाते. पण लोड मर्यादेबाहेर गेला की तिच्यात कुणाची डेडलाइन चुकेल याचा नेम नाही. ठरलेल्या प्रायॉरिटीत निदान मार सगळ्यात खालच्याला बसतो, हे आधीच ठाऊक असतं. कारखान्यात आम्ही म्हणूनच ठरलेली प्रायॉरिटी पसंत करतो.

प्रश्न: सायझिंग युनिटमध्ये २४ एनर्जी मीटर आणि ड्राइव्ह एकाच आरएस-४८५ तारेवर आहेत, बोलण्याची पद्धत मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट). एखादा मीटर बंद पडला की स्क्रीनवरचे सगळेच आकडे चार-पाच सेकंद गोठतात. स्पीड दुप्पट केला तर प्रश्न सुटेल का? (इचलकरंजी)

निम्मासुद्धा सुटणार नाही. तार हीसुद्धा वाटून घेतलेलीच वस्तू आहे, आणि तिच्यावर एकदा सुरू झालेला सवाल-जवाब मध्येच तोडता येत नाही. मीटरमधले दहा रजिस्टर (आकड्यांचे कप्पे) वाचायला सवाल ८ बाइटचा आणि जवाब २५ बाइटचा, एकूण ३३. प्रत्येक बाइटला पॅरिटीसकट (चूक ओळखायच्या बिटसकट) ११ बिट धरले तर ३६३ बिट, म्हणजे ९६०० ला सुमारे ३८ मिलिसेकंद. दोन्ही बाजूंची साडेतीन अक्षरांची शांतता प्रत्येकी ४, म्हणजे ८. मीटरने उत्तर द्यायला घेतलेला वेळ २० धरू. खरा आकडा मीटरच्या मॅन्युअलात बघा. झाले ६६. चोवीस मीटरचा फेरा १.६ सेकंदांत पुरा.

आता एक मीटर बंद. टाइमआउट एक सेकंद आणि तीन प्रयत्न अशी सेटिंग बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी ठेवलेली असते. तो एकटा मुका मीटर ३ सेकंद खातो, फेरा साडेचार सेकंदांवर. तुमचे ‘चार-पाच सेकंद’ ते हेच. १९२०० बॉड केलं तर ३८ चे १९ होतील, शांतता ४ वर येईल, पण मीटरचे २० तसेच राहतील: ४३ मिलिसेकंद. चालू फेरा एक सेकंदावर येईल, मुक्या मीटरचे ३ सेकंद मात्र जिथल्या तिथे.

टाइमआउट २०० मिलिसेकंदांवर आणा आणि प्रयत्न दोनच ठेवा. मीटर लागोपाठ तीन फेऱ्या मुका राहिला तर त्याला यादीतून बाजूला काढा आणि ३० सेकंदांतून एकदा हाक मारा. स्क्रीनवर त्याचा जुना आकडा तसाच ठेवू नका, लाल करा; जुना आकडा खरा समजून ऑपरेटर निर्णय घेतो. ड्राइव्ह थांबवायच्या हुकमासाठी वेगळी रांग करा आणि प्रत्येक सवाल-जवाबानंतर आधी त्या रांगेत डोकवा. मग हुकमाला जास्तीत जास्त एका टाइमआउटएवढं, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास थांबावं लागेल. पूर्ण फेरा संपायची वाट नको. इमर्जन्सी स्टॉप मात्र मॉडबसवरून नको, तो तारेनेच.

जाता जाता तार तपासा: एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळ हवी, फांद्या नकोत, आणि १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना. मधल्या मीटरवर कुणी ‘असू दे’ म्हणून टर्मिनेशन चालू केलेलं असतंच.

प्रश्न: कोअर शूटर मशीनचा (फाउंड्रीत साच्यासाठी वाळूचे कोअर बनवणाऱ्या यंत्राचा) कंट्रोलर महिन्यातून एकदा गोठतो. बटणं चालत नाहीत, पण बोर्डावरचा दिवा लुकलुकत असतो आणि वॉचडॉगही रिसेट करत नाही. बंद करून चालू केलं की ठीक. (गोकुळ शिरगाव)

दोन वेगळे दोष एकमेकांना झाकताहेत. पहिला म्हणजे डेडलॉक. समजा, एका टास्कने रेसिपीचा (मशीनच्या सेटिंगचा) लॉक घेतला आणि तो डिस्प्लेच्या लॉकसाठी थांबला. त्याच वेळी दुसऱ्याने डिस्प्लेचा घेतला आणि तो रेसिपीच्या लॉकसाठी थांबला. ‘आधी तुम्ही’ म्हणत दोघंही दारातच. प्रायॉरिटी इनहेरिटन्सने हे सुटत नाही. सगळ्या लॉकना क्रमांक द्या आणि नियम करा: लॉक चढत्या क्रमानेच घ्यायचे. कोडमध्ये लॉक घेणारी प्रत्येक जागा शोधून वहीत मांडा. उलटा क्रम बहुधा एरर दाखवणाऱ्या फंक्शनमध्ये सापडतो, कारण ते फंक्शन कुठूनही बोलावलं जातं. कायमची वाट बघणारा टाइमआउट कुठेही ठेवू नका. ५० मिलिसेकंदांत दुसरा लॉक मिळाला नाही तर हातातला पहिलाही सोडा, नोंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. त्याहून बरं म्हणजे डिस्प्ले एकाच टास्कच्या ताब्यात द्या आणि बाकीच्यांनी रांगेत निरोप टाकायचे. लॉकच उरत नाही.

दुसरा दोष: वॉचडॉगला चारा टायमर इंटरप्टमधून मिळतोय. टास्क मेले तरी इंटरप्ट चालूच राहतो, म्हणून दिवाही लुकलुकतो आणि वॉचडॉगही समाधानी. प्रत्येक टास्कने आपला फेरा पुरा झाला की एक बिट उचलायचा; देखरेखीचा एक टास्क सगळे बिट वर दिसले तरच वॉचडॉगला चारा घालेल आणि बिट खाली पाडेल. एसटीएम३२एफ४ चा स्वतंत्र वॉचडॉग आतल्या साध्या ऑसिलेटरवर चालतो. तो ३२ किलोहर्ट्झचा म्हणायचा, पण डेटाशीटप्रमाणे १७ ते ४७ मध्ये कुठेही असू शकतो. तुम्ही १ सेकंद ठरवलात तर एखाद्या चिपवर तो ०.६८ सेकंदातच भुंकेल. तेवढी सवड ठेवा.

रिसेटच्या क्षणी पिना तरंगत्या असतात, हेही बघा. शूट व्हॉल्व्ह चालवणाऱ्या प्रत्येक पिनेला १० किलोओहमचा पुल-डाउन (पिन शून्यावर ओढून ठेवणारा रेझिस्टर) हवा, नाहीतर रिसेट होता होता व्हॉल्व्ह उडेल आणि कोअर बॉक्सशी कुणाचा हात असेल.

प्रश्न: दर सेकंदाला एक नोंद घेणारा टास्क आहे, शेवटी १००० मिलिसेकंदांचा डिले. दिवसाला ८६,४०० नोंदी हव्यात, साडेआठशेच्या आसपास कमी भरतात. (जयसिंगपूर)

डिलेची मोजणी काम संपल्यावर सुरू होते. कामाला १० मिलिसेकंद लागत असतील तर तुमचा सेकंद १०१० चा झाला. दिवसाला सुमारे ८५५ नोंदी गळतात. फ्रीआरटीओएसमधलं ‘डिले अन्टिल’ वापरा, ते मागच्या जागं होण्याच्या क्षणापासून मोजतं. त्याला द्यायचा ‘मागचा क्षण’ लूपच्या बाहेर एकदाच भरायचा. लूपच्या आत भरलात तर पुन्हा तेच रडगाणं.

प्रश्न: रास्पबेरी पायवरून स्टेपर मोटरचे १० किलोहर्ट्झचे पल्स काढतोय. मधूनच मोटर धक्का खाते. रिअल-टाइम लिनक्स टाकलं तर चालेल का? (कागल)

१० किलोहर्ट्झ म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांना एक पल्स. साध्या लिनक्समध्ये कधीमधी मिलिसेकंदाचा उशीर होणं नवलाचं नाही. म्हणजे दहा पल्स गायब. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सला रिअल-टाइम करणारा बदल, २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आलंय, त्याने उशीर पुष्कळ आवरतो. तरीही पल्स पायवरून काढू नका. पायने ‘इतकी पावलं, इतक्या वेगाने’ एवढाच हुकूम सिरियलवरून द्यावा आणि पल्स एखाद्या लहान मायक्रोकंट्रोलरच्या हार्डवेअर टायमरने काढावेत. टायमरला शेड्यूलरची गरजच नसते.

बाकीच्या कंट्रोल लूपसाठी, म्हणजे ५-१० मिलिसेकंदांच्या कामांसाठी, प्रीएम्प्ट-आरटी उत्तम. थ्रेडला (लिनक्समधल्या टास्कला) फिफो शेड्यूलिंग द्या, म्हणजे वरच्याशिवाय त्याला कुणी हटवत नाही; प्रायॉरिटी ८० पुरे. ९९ ला कर्नलची स्वतःची नाजूक कामं असतात. सुरुवातीलाच मेमरी लॉक करा (रॅममध्येच पक्की ठेवा), नाहीतर पहिल्यांदा स्पर्श झालेलं पान आणायला थ्रेड थबकतो. पॉझिक्स म्यूटेक्समध्ये (लिनक्सवरच्या प्रमाणित म्यूटेक्समध्ये) इनहेरिटन्स आपोआप चालू नसतो, तो म्यूटेक्स तयार करताना मागून घ्यावा लागतो. पहिल्या प्रश्नातली बैलगाडी इथेही उभी आहे. फिफोचा थ्रेड लूपमध्ये अडकला तर कर्नल मूळ सेटिंगमध्ये त्याला दर सेकंदातले ९५० मिलिसेकंदच देतो, उरलेल्या ५० मध्ये तुम्ही लॉगिन करून त्याला मारू शकता. ते सेटिंग बंद करायचा सल्ला इंटरनेटवर मिळतो, तो मनावर घेऊ नका. शेवटी उशीर मोजणारी सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवा, सोबत एसडी कार्ड आणि नेटवर्कवर भरपूर लोड टाकून. मोकळ्या यंत्रावरचा आकडा कामाचा नाही.

प्रश्न: पंचगंगेची पातळी मोजणारा सेन्सर गावच्या पुलावर बसवायचाय. दर १५ मिनिटांनी पातळी मोजून एसएमएस. सोलर आणि बॅटरी. यासाठी कोणता आरटीओएस घ्यावा? (वडणगे)

कुठलाच नको. पाणी मिनिटामिनिटाला फूटभर चढत नाही आणि तुमच्याकडे एका वेळी एकच काम आहे. जागं व्हा, पाच रीडिंग घ्या, त्यातलं मधलं धरा (सरासरी नको, तरंगतं ओंडकं एकाच रीडिंगात दोन फूट दाखवतं), मोडेम चालू करा, पाठवा, झोपा. साधा लूप पुरतो. मोडेमला नेटवर्क सापडायला ६० सेकंदांची मर्यादा घाला, नाहीतर टॉवर बंद पडलेल्या रात्री तो शोधता शोधता बॅटरी रिकामी करेल. न गेलेली रीडिंग साठवून पुढच्या खेपेला एकत्र पाठवा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात, पण ते आकडे तिथल्या मोजपट्टीचे. तुमच्या पुलाशी त्यांचा मेळ पहिल्या पावसाळ्यात दोन्हीकडची रीडिंग शेजारी मांडूनच घालावा लागेल. तोवर एसएमएसमध्ये नुसती फुटांतली पातळी पाठवा, ‘इशारा’ हा शब्द नको.